पोलो १.० टीएसआयला स्टेज १ रिमॅप: सोलापूरच्या उन्हात झेपेल का?

जुळेसोलापूरकर

नमस्कार मंडळी. गाडी पोलो १.० टीएसआय (फोक्सवॅगनचं टर्बो पेट्रोल), २०२१ ची, सहा गिअरची मॅन्युअल. पन्नास हजाराच्या थोडं पुढे रनिंग झालंय, सगळी सर्व्हिस कंपनीतच, एक्स्टेंडेड वॉरंटी अजून शिल्लक आहे. गाडीबद्दल तक्रार म्हणाल तर काडीची नाही. पण हात शिवशिवायला लागलेत.

माझं पुण्याला सारखं जाणं-येणं असतं. अधूनमधून विजयपूर, सासरवाडी तिकडे आहे. ऊसाच्या सीझनमध्ये टेंभुर्णी ते मोहोळ पट्ट्यात काय चालतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागे ना लाइट ना रिफ्लेक्टर, आणि महाशय उजव्या लेनमधून वीसच्या स्पीडने निवांत चाललेले. ब्रेक मारून खाली आलं की परत ऐंशी-नव्वदला पोचेपर्यंत मागचा फॉर्च्युनरवाला डिपर मारून जीव खातो. मला रेस लावायची नाही. ६० ते १०० झटकन व्हावं एवढंच.

आता मुद्दा. पुण्याचा एक ट्यूनर, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचा प्रोग्राम बदलून (रिमॅप करून) ताकद वाढवून देणारा, रविवारी सोलापुरात कॅम्प घेतोय. होटगी रोडला एका हॉटेलच्या पार्किंगमध्ये. एका गाडीला ३५ हजार, पाच गाड्या जमल्या तर प्रत्येकी २८. ओबीडी पोर्टातूनच (स्कॅनर जोडायची जागा) करणार, दीड तासात गाडी हातात. पत्रकावर लिहिलंय की ११० पीएसचे (हॉर्सपॉवर) १४० होतील आणि १७५ न्यूटन-मीटर टॉर्कचे (ओढायच्या जोराचे) २३५. आमच्या ग्रुपवर चौघांनी नावं दिलीत, पाचव्यासाठी सगळे माझ्याकडे बघतायत.

विचारायचं ते हे: क्लच-गिअरबॉक्सला हे झेपतं का? मे महिन्यात पारा ४२-४३ ला गेल्यावर काय होतं? आता पंपावर सगळीकडे ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आहे आणि माझी गाडी त्याच्या आधीची, त्याचं काय? आणि वॉरंटी खरंच जाते की शोरूमवाले नुसतं घाबरवतात?

बायकोला अजून सांगितलेलं नाही. त्या बाजूने सल्ला नको.

---

टॉपगिअर_बाळीवेस

काय बे, एवढं काय विचारत बसलास! कर डोळे झाकून.

माझी रॅपिड, तेच १.० टीएसआय इंजिन, मॅन्युअलच. पुण्यात करून घेतली. खरं सांगतो, गाडी दुसरीच झाली. आधी तुळजापूरच्या घाटात चार माणसं आणि एसी लावून गेलं की तिसऱ्याचा दुसरा करावा लागायचा, आता तिसऱ्यातच ओढते. टर्बो भरायच्या आधी जो तो एक मेलेला क्षण असतो ना, सिग्नलवरून निघताना गाडी जरा विचार करत बसते, तो बराच कमी झाला. अ‍ॅव्हरेज हायवेला होतं तेवढंच आहे. पहिले काही दिवस पाय आवरत नाही तेव्हा पडतं, मग आपोआप जाग्यावर येतं.

ऊन-बिन काही नाही. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, सगळं सांभाळतो. २८ मध्ये मिळत असेल तर सोडू नकोस.

---

पंपनोझल

अक्कलकोट रोडला माझं डिझेलच्या पंप-नोझलचं काम आहे. आता जुने पंप कमी आणि कॉमन रेलचे इंजेक्टर, स्कॅनिंग, सेन्सरचे फॉल्ट हेच जास्त. ट्यून मी करत नाही, विकतही नाही. ट्यून केलेल्या गाड्या मात्र टेबलावर येतात, म्हणून लिहितो. जरा लांबेल.

हा शौक काही नवीन नाही. चादरीच्या गठ्ठ्या भरून हैदराबादला जाणारे ट्रकवाले आमच्याकडे 'पंप वाढवून' घ्यायला यायचे. इनलाइन पंपाचं सील काढायचं, फुल लोडचा स्क्रू अर्धा-पाऊण आटा फिरवायचा, डिझेल जास्त पडतं, गाडी चढाला पळते. मागे काळा धूर आणि रात्री सायलेन्सरचा पाइप लाल. काही महिन्यांनी तोच ड्रायव्हर पिस्टन बांधायला यायचा आणि जाताना म्हणायचा, मालक, अजून थोडा वाढवा की. आता स्क्रूच्या जागी लॅपटॉप आलाय. गिऱ्हाइकाचं वाक्य तेच आहे.

तरी सगळेच ट्यून वाईट असं मी म्हणणार नाही. कंपनी एकच इंजिन सगळ्या जगासाठी बनवते. कुठे थंडी, कुठे भेसळीचं पेट्रोल, कुठे मालक तेल बदलायचंच विसरलेला. त्या सगळ्यांना पुरेल एवढी मोकळीक ठेवून मॅप लिहिलेला असतो. ती मोकळीक थोडी वापरणं म्हणजे स्टेज १. टर्बोचा दाब, इग्निशनचं टायमिंग (स्पार्क केव्हा पाडायचा ते), पेट्रोल-हवेचं प्रमाण आणि टॉर्कच्या मर्यादा, मुख्य खेळ एवढ्यांचाच. पार्ट एकही बदलत नाही.

आता तुझ्या पत्रकावर ये. १४० पीएस बघून सगळे खूश होतात. मला भीती त्या २३५ ची वाटते.

का ते सांगतो. पीएस म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम भागिले ७,०२४. कॅल्क्युलेटर घे आणि करून बघ. तुझी गाडी आज ५,००० आरपीएमला ११० पीएस देते, म्हणजे तिथे टॉर्क साधारण १५५ च राहिलेला असतो. १७५ चा आकडा १,७५० ते ४,००० पर्यंतचा, पुढे उतार. आता समज कुणी खालचा टॉर्क १९० वर थांबवला आणि तोच १९० वरती ५,००० पर्यंत ताणून धरला, तर किती होतात? १३५ पीएस. म्हणजे पत्रकातल्या आकड्याच्या जवळ तू पोचतोस आणि खालच्या आरपीएमला इंजिनावर, क्लचवर, गिअरबॉक्सवर फारसा जादा भार पडत नाही. छोट्या टर्बोला वरती हवा पुरवायला दमछाक होते हे खरं, म्हणून हा आकडा थोडा इकडे-तिकडे धर. पण दिशा ही पाहिजे.

तुझा गिअरबॉक्स एमक्यू२०० कुळातला. त्यातला २०० हा आकडा न्यूटन-मीटरचा आहे, कंपनीने त्याच टॉर्कसाठी तो बेतलाय. २३५ टाकल्यावर दुसऱ्या दिवशी फुटतो असं नाही. शहाण्या पायाखाली वर्षानुवर्षं टिकतो. पण आधी हात वर करतो तो क्लच. तो तपासायचा उपाय सोपा आहे. मोकळ्या रस्त्यावर पाचव्या गिअरमध्ये ६०-७० ला गाडी ठेव आणि ॲक्सिलरेटर एकदम पूर्ण दाब. आरपीएमचा काटा आणि स्पीड बरोबरीने चढले तर ठीक. काटा टुणकन वर गेला आणि गाडी मागे राहिली की समज, क्लच घसरतोय. चढावर आणि गरम क्लचवर हे आधी कळतं. क्लच सेट आणि मजुरी धरली की खर्च तुझ्या ट्यूनच्या घरात जातो, हे हिशेबात धरून ठेव.

आणि क्लच तरी बदलता येतो. परवा एका गाडीचा पिस्टन माझ्या टेबलावर होता. जर्मन टर्बो पेट्रोल, ट्यून कुणी केली ते सांगत नाही. वरून पिस्टन एकदम स्वच्छ, वितळल्याची खूण नाही, जळल्याची नाही. बाजूला वळवला तर पहिल्या आणि दुसऱ्या रिंगमधल्या पट्टीचा नखाएवढा टवका गायब. रिंग जागेवर सलामत, तिच्या खालची जमीन गेलेली. मालकाला विचारलं, गाडी कशी चालवता? म्हणाले, एकदम आरामात, पन्नासलाच पाचवा टाकतो, आता खालून एवढी ओढते की गिअर बदलावाच लागत नाही.

ही आरामाची सवयच नडली. छोटी, टर्बोची, डायरेक्ट इंजेक्शनची इंजिनं कमी आरपीएमला आणि पूर्ण लोडला असली की कधीकधी स्पार्क पडायच्या आधीच आत भडका उडतो. सिलेंडरच्या भिंतीवरचं तेल-पेट्रोलचं थेंबभर मिश्रण किंवा कार्बनचा कण पेट घेतो. पिस्टन अजून वर चढतोय आणि वरून घण बसतो. साध्या नॉकिंगला (स्पार्कनंतर उरलेलं मिश्रण एकदम पेटून होणारी ठकठक) ईसीयू टायमिंग मागे घेऊन आवरतो. इथे टायमिंगचा संबंधच नाही, कारण आग स्पार्कने लागलेलीच नाही. कंपन्यांना हे माहीत असतं, म्हणून त्या १,५००-२,००० च्या पट्ट्यात टॉर्क हात राखून देतात. स्वस्त फाइलवाला (फाइल म्हणजे ट्यूनचा तयार प्रोग्राम) नेमका तोच पट्टा भरतो, कारण टेस्ट ड्राइव्हला गिऱ्हाइकाच्या पाठीत धक्का तिथेच बसतो आणि पैसे तिथेच सुटतात.

तेव्हा ट्यून कर किंवा नको करूस, दोन गोष्टी मात्र आजपासून पाळ. क्लचची ती एखाद-दुसरी टेस्ट सोडली तर दोन हजाराच्या खाली पाय पूर्ण दाबायचा नाही, गिअर पाडायचा. आणि तेलाच्या डब्यावर कंपनीचा मंजुरी नंबर आणि एपीआय एसपी ही ग्रेड बघून घ्यायची. २०२० पासूनच्या या ग्रेडला त्या भडक्याची वेगळी चाचणी पास करावी लागते. कंपनी १५ हजाराला तेल बदलते, ट्यूननंतर मी तरी एवढं थांबणार नाही.

---

जुळेसोलापूरकर

मालक, साष्टांग. एवढं कुणी सांगितलंच नव्हतं. पत्रकात टॉर्क कुठल्या आरपीएमला हे लिहिलेलंच नाही, नुसता २३५.

ऊन आणि ई२० बद्दल पण सांगा ना. आणि ट्यूनर म्हणतो पुढे मोठा इंटरकूलर बसवला की उन्हाचा प्रश्नच मिटतो, त्याचे वेगळे २२ हजार.

---

पंपनोझल

इंटरकूलरचं आधी. तुझ्या इंजिनात इंटरकूलर बंपरमागे नसतोच. तो पाण्यावर चालणारा आहे आणि थेट इनटेक मॅनिफोल्डच्या आत बसवलेला आहे. पुढे असतो तो त्या पाण्याचा छोटा रेडिएटर. आता 'पुढे मोठा' म्हणजे तो नक्की काय बसवणार, हे त्यालाच विचार आणि उत्तर इथे टाक. मलाही ऐकायचंय.

ऊन. टर्बो हवा दाबतो तेव्हा ती तापते. दाब जास्त, ताप जास्त. बाहेर ४३ असेल तर इंटरकूलर त्याच्या खाली आणूच शकत नाही, वरतीच कुठेतरी थांबतो. मेमध्ये दुपारी सात रस्त्याला ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या टर्बो गाडीला स्कॅनर लावून बघ, आत जाणाऱ्या हवेचं तापमान साठीच्या आसपास सहज दिसतं. गरम हवेत प्राणवायू कमी आणि नॉकिंगची शक्यता जास्त. मग ईसीयू टायमिंग मागे घेतो, जास्तच झालं तर दाबही उतरवतो. म्हणजे बाळीवेसचे आपले मित्र म्हणतात ते खरं, ईसीयू सांभाळतो. पण सांभाळतो म्हणजे तू घेतलेली जादा ताकद परत काढून घेतो. डिसेंबरच्या पहाटे पुण्यात डायनोवर (ताकद मोजायच्या मशीनवर) दिसलेले १४० आपल्याकडे मेमध्ये दुपारी शोधून सापडणार नाहीत. त्याचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. वाईट तेव्हा, जेव्हा फाइलवाल्याने ही संरक्षणंच सैल केलेली असतात, म्हणजे गरम हवेतही गाडी जोरात पळावी आणि गिऱ्हाइकाने फोन करू नये. म्हणून विचारायचा प्रश्न एकच: तापमानाच्या आणि नॉकिंगच्या तक्त्यांना हात लावता का? 'नाही' हे उत्तर बरोबर.

आता ई२०. ऑक्टेनच्या बाजूने बघितलं तर उलट फायदा. साधं पेट्रोल आधी ९१ चं होतं, ई२० च्या मानकात ९५ आहे. इथेनॉल नॉकिंगला चांगला विरोध करतं. अर्धं तर आपल्याच जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या मळीतून आलेलं असेल, तेव्हा फार शिव्या पण देऊ नका. तोटा दुसरीकडे. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी. म्हणून तेवढ्याच हवेला जास्त इंधन सोडावं लागतं. शुद्ध पेट्रोलला एक किलोमागे १४.७ किलो हवा लागते, ई२० ला साडेतेराच्या आसपासच पुरते. साध्या चालवण्यात लॅम्बडा सेन्सर (धुरातला प्राणवायू मोजणारा) बघून ईसीयू हे जुळवून घेतो, अ‍ॅव्हरेज थोडं पडतं, बाकी कळत नाही. पण ट्यूनमध्ये हवा वाढवलीस, वर ई२० मुळे इंधन अजून वाढलं, ही दोन्ही ओझी पेट्रोलच्या एकाच हाय प्रेशर पंपावर पडतात. त्याचीही हद्द आहे. तुझी गाडी ई२० च्या सक्तीच्या आधीची, म्हणून रबराच्या नळ्या आणि सील सर्व्हिसला बघायला सांगत जा. ट्यून जुनी लिहून ठेवलेली असेल, म्हणजे ई२० यायच्या आधीची फाइल कॅम्पमध्ये कॉपी-पेस्ट करणार असतील, तर तिथूनच नमस्कार करून परत ये.

---

एनलाइन_ताई

मध्येच विचारते, राग मानू नका. माझी आय२० एन लाइन, १.० टर्बो, डीसीटी (ड्युअल क्लचची ऑटोमॅटिक). मी सोलापूर-हैदराबाद बरीच करते. रिमॅप नको म्हणून मी ट्यूनिंग बॉक्स बघत होते. काढून ठेवला की सर्व्हिस सेंटरला काही कळत नाही म्हणतात. मिस्टर म्हणतात तेच बरं. खरं का?

---

पंपनोझल

ताई, बॉक्स ईसीयूमध्ये काही लिहीत नाही. तो सेन्सर आणि ईसीयूच्या मध्ये बसतो आणि खोटं बोलतो. दाब १.८ असेल तर ईसीयूला १.६ सांगतो. ईसीयूला वाटतं कमी पडतोय, तो वाढवतो. ताकद येते. पण टायमिंग, इंधन, टॉर्क हे सगळे हिशेब त्या बिचाऱ्या ईसीयूने खोट्या आकड्यावर केलेले असतात. नीट केलेल्या रिमॅपमध्ये निदान ईसीयूला खरं माहीत असतं. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या गाडीचे नाहीत.

शिवाय तुमची ड्युअल क्लच. डीसीटीचा कंट्रोलर इंजिन किती टॉर्क देतंय ते ईसीयूकडून विचारून क्लच किती घट्ट दाबायचा ते ठरवतो. ईसीयूलाच खरं माहीत नसेल तर क्लच कमी दाबला जाणार. घसरणार, तापणार. हैदराबादच्या ट्रॅफिकमध्ये तर आधीच तापतो. मी नको म्हणेन. मिस्टरांना हाच मेसेज दाखवा, माझं नाव घ्या.

---

क्लेमवाला

गाडीचं सगळं मालकांनी सांगितलं. मी इन्शुरन्स सर्व्हेच्या कामात आहे, कागदाची बाजू सांगतो, जिच्याकडे कुणी बघत नाही.

वॉरंटी: घाबरवत नाहीत, खरंच जाते. फोक्सवॅगन-स्कोडाच्या सर्व्हिस मशीनला गाडी जोडली की ईसीयूतलं सॉफ्टवेअर कंपनीच्या नोंदीशी जुळतं का ते तपासलं जातं. जुळलं नाही की गाडीच्या नावावर टीडी१ असा शेरा पडतो. मग इंजिन, टर्बो, गिअरबॉक्स यांचा क्लेम अडतो. पॉवर विंडो बंद पडली तर देतील, तेवढ्याला काही नाही. सर्व्हिसच्या आधी जुनी फाइल परत टाकून नेणारे आहेत, पण किती वेळा फ्लॅश झालं याची नोंद ईसीयूत राहू शकते. आणि दुसरं टोक म्हणजे, सर्व्हिसला कंपनीने सॉफ्टवेअर अपडेट मारला की तुमचे २८ हजार पुसले गेले. आधी ट्यूनरकडून लिहून घ्या की परत फुकट टाकून देणार.

कायदा: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाने करायचा नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये ते कडकपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने १८२अ आलं, बेकायदा बदलाला प्रत्येकी पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आता आरसीवर सीसी असते, रंग असतो, इंधन असतं. नव्या कार्डांवर हॉर्सपॉवरचाही रकाना असतो. तरी नुसता रिमॅप त्यात बसतो का यावर वकील मंडळी दोन्ही बाजूंनी बोलतील. नाक्यावरचा पोलीस काही तुमचा ईसीयू वाचणार नाही. पण कॅट (सायलेन्सरमधला धूर साफ करणारा भाग) काढून मोठा पाइप टाकला तर आवाजानेच पकडाल, पीयूसीतही अडकाल, तिथे माझ्याकडे येऊ नका.

इन्शुरन्स: प्रपोजल फॉर्मवर गाडीत बदल केलाय का असा रकाना असतो. बहुतेक लोक 'नाही' वर टिक मारून मोकळे होतात. थर्ड पार्टीचं वेगळं, समोरच्या माणसाला भरपाई मिळायचीच. खरा खेळ ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा. साध्या ठोकरीला, बंपर-बोनेटला ईसीयू कोणी उघडत नाही. पण मोठा अ‍ॅक्सिडेंट, गाडी टोटल लॉस, किंवा इंजिन प्रोटेक्टचा क्लेम आला की कंपनी कारण शोधतच असते, आणि न सांगितलेला बदल हे आयतं कारण. कंपनीला ईमेल करून कळवा, वाढीव प्रीमियम मागितला तर भरा. 'मंजूर नाही' म्हणाले तर निदान काय ते तुम्हाला आधी कळलं.

---

टॉपगिअर_बाळीवेस

मंडळी, तुम्ही पोराला पार घाबरवून टाकलंत.

मी आज सकाळी मुद्दाम ती क्लचची टेस्ट केली. विजापूर रोडला, सोरेगावच्या पुढे, रस्ता मोकळा होता. पाचवा गिअर, ६५, पाय पूर्ण खाली. काटा आणि स्पीड एकदम बरोबरीने गेले, काही घसरलं नाही. परत केली, तेच. ट्यून करून बराच काळ झाला माझ्या गाडीला. मग?

---

पंपनोझल

मग चांगलंच आहे की! क्लच ठणठणीत आहे, अभिनंदन. तुमची फाइल किती टॉर्कची आहे आणि तुम्ही कसे चालवता त्यावर आहे सगळं. २१० ची फाइल आणि शहाणा पाय असेल तर मला आश्चर्य नाही. तुम्ही घाटात तिसऱ्यात ओढता, पन्नासला पाचवा टाकत नाही, हे तुमच्याच पोस्टवरून दिसतं. ट्यूनरने डायनोचा कागद दिला असेल ना? त्यावर टॉर्कची रेघ कुठे चढते आणि कुठे उतरते त्याचा फोटो टाका, याला दाखवायला उपयोगी पडेल. आणि हीच टेस्ट मेमध्ये तुळजापूरचा घाट चढून झाल्यावर, सपाटीला, क्लच गरम असताना एकदा करा.

---

टॉपगिअर_बाळीवेस

कागद सापडला. टॉर्क सगळ्यात जास्त २१४, तो पण २,६०० च्या पुढे. खाली २,००० ला १८५ च आहे. च्यायला, हे मी कधी बघितलंच नव्हतं, फक्त पीएस बघितले.

---

पंपनोझल

चांगल्या माणसाकडे गेलात. त्यांचाच पत्ता याला द्या, खासगी मेसेजमध्ये.

---

जुळेसोलापूरकर

अपडेट देतो. कॅम्पवाल्याला फोन केला. विचारलं, २३५ कुठल्या आरपीएमला? म्हणाला, 'सर, खालूनच मिळणार, फुल पंच.' मग विचारलं, २०० वर थांबवून वरती ताणून देता का? म्हणाला, कॅम्पमध्ये तयार फाइल असते, कस्टम पाहिजे तर पुण्याला यायचं, डायनोवर, त्याचे ४२. इंटरकूलरचं विचारलं तर 'आमचे टेक्निशियन बघतील' म्हणून विषय बदलला. तापमानाच्या तक्त्याचं विचारल्यावर 'सर तुम्ही इंजिनिअर आहात का?' असं उलट मलाच.

कॅम्पमधून नाव काढलं. ग्रुपवर चौघे माझ्यावर नाराज आहेत, त्यांचं डिस्काउंट गेलं. त्यातल्या एकाने हा धागा वाचला आणि तो पण मागे हटला, आता उरलेले तिघे दोघांवर नाराज आहेत.

बाळीवेसच्या दादांनी पत्ता दिलाय. तिथे बोललो, त्यांनी आधी गाडीचा लॉग (चालताना सेन्सरच्या आकड्यांची नोंद) मागितला, ट्यून न केलेल्या अवस्थेतला. वॉरंटी संपायला अजून काही महिने आहेत, तोवर थांबायचं ठरवतोय. लॉग म्हणजे नक्की काय काय घ्यायचं? माझ्याकडे ओबीडीचा ब्लूटूथ डोंगल आहे.

---

पंपनोझल

थांबतोयस ते उत्तम. दोन-तीनशे रुपयांचा डोंगल असेल तर तो फार हळू वाचतो, त्यात काही कळणार नाही. या गाड्यांच्या आतले आकडे वाचणारा चांगला डोंगल कुणाकडून तरी मागून घे, नाहीतर माझ्याकडे ये, लावून देतो.

घ्यायचं ते हे: आरपीएम, ॲक्सिलरेटर किती दाबलाय, टर्बोचा मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष आलेला दाब, आत जाणाऱ्या हवेचं तापमान, लॅम्बडा, हाय प्रेशर पंपाचा मागितलेला आणि आलेला दाब, आणि तिन्ही सिलेंडरचं टायमिंग किती मागे घेतलं ते वेगवेगळं. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. एखाद-दोन डिग्री इकडे-तिकडे होतच असतं. एकाच सिलेंडरला सारखं चार-पाच डिग्री मागे जात असेल तर ट्यूनचा विषय बंद, आधी प्लग, कॉइल आणि कार्बन बघायचा.

गाडी पूर्ण गरम झाल्यावर तिसऱ्या गिअरमध्ये २,००० ला स्थिर धर आणि ४,५०० पर्यंत पाय पूर्ण दाबून ने. एवढ्यात स्पीड शंभराच्या आतच राहतं. शेजारी कुणीतरी बसव, तू मोबाइलकडे बघायचं नाही. एकदा आत्ता सकाळच्या गारव्यात कर आणि एकदा मेमध्ये दुपारी तीनला, टाकीत त्याच पंपाचं पेट्रोल असताना. म्हणजे ऊन तुझ्या गाडीतून किती खातं ते ट्यूनच्या आधीच दिसेल, आणि ट्यूनरलाही मे महिन्याचाच लॉग दे, गारव्यातला नको. त्याने मेच्या लॉगवर फाइल लिहिली तर डिसेंबरमध्ये काही बिघडत नाही. उलटं केलं तर बिघडतं.

आणि लॉगची फाइल टाक इथे, स्क्रीनशॉट नको. स्क्रीनशॉटमध्ये मधले आकडे दिसत नाहीत.